रानातले शिवालय आणि दगडावरची नोंद

(जीर्णोद्धार समारंभानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गावात देवळाचा जीर्णोद्धार झाला की दोन गोष्टींची चर्चा हटकून होते. एक म्हणजे खर्च किती आला, आणि दुसरी म्हणजे कोणाचे नाव कोणत्या फरशीवर लागले. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी योग्यच आहेत. पैशाचा हिशेब चोख हवा, आणि ज्याने दिले त्याचे नाव राहायलाही हवे. परंतु तिसरा एक प्रश्न असतो, तो सहसा कोणी विचारत नाही. कळस चढला, मांडव उतरला, पाहुणे आपापल्या गावी गेले, त्यानंतर हे देऊळ कोणाच्या भरवशावर उभे राहणार? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी एका दूरदेशीच्या शिवालयाची हकिगत सांगण्याजोगी आहे. ते देऊळ हजार वर्षांपूर्वी बांधले गेले, पुढे रानात गडप झाले, त्याच्या आसपास लढाया झाल्या, सुरुंग पेरले गेले, आणि शेवटी ते पुन्हा उभे राहिले.

हे देऊळ थायलंड देशात, म्हणजे पूर्वीच्या सयामात, कंबोडियाच्या हद्दीला लागून आहे. जिल्हा सा काएओ, आणि जवळचे शहर अरण्यप्रथेत. या शहराचे नाव ऐकून कोणालाही नवल वाटावे, कारण ते सरळ सरळ आपले ‘अरण्यप्रदेश’ आहे, फक्त थाई जिभेवर थोडे वळले आहे. अरण्यप्रथेतपासून ईशान्येला सुमारे पस्तीस किलोमीटरवर, नोंग सामेत नावाच्या खेड्याजवळ, भातखाचरे आणि झाडी यांच्यामध्ये हे देऊळ उभे आहे. आजचे नाव स्डोक कोक थोम. ज्या काळात ते बांधले गेले त्या काळी हा सगळा मुलूख कंबुज राजांच्या ताब्यात होता. त्यांची राजधानी अंकोर, म्हणजे संस्कृतातले ‘नगर’. अंकोर वाटचे विष्णुमंदिर जगप्रसिद्ध आहे, पण ते बाराव्या शतकातले. स्डोक कोक थोम त्याच्याही आधी तीन पिढ्यांचे आहे.

या देवळातला सर्वांत मोलाचा ऐवज म्हणजे तिथे पूर्वी उभा असलेला एक शिलालेख. चार बाजूंचा वालुकाश्माचा स्तंभ, आणि त्यावर एकूण ३४० ओळी. त्यांपैकी १९४ ओळी संस्कृतात आहेत, त्यांत १३० श्लोक बसवले आहेत. उरलेल्या १४६ ओळी जुन्या ख्मेर भाषेत आहेत. लिपी ख्मेर, म्हणजे आपल्याच ब्राह्मीच्या दक्षिणेकडच्या शाखेतून निघालेली. आणि काळ कोणता दिला आहे? शके ९७४. आपल्या पंचांगाच्या पहिल्या पानावर जो शक छापलेला असतो, घराच्या पत्रिकेत आणि लग्नपत्रिकेत जो लिहिला जातो, तोच शक हजारो मैलांवरच्या त्या रानातल्या दगडावर खोदलेला आहे. इंग्रजी सनाने ते १०५२-५३ साल येते. आपल्याकडचे अंबरनाथचे शिवालय शके ९८२ चे आहे. म्हणजे शिलाहारांचे पाथरवट इकडे अंबरनाथला टाकी चालवत होते, त्याच सुमाराला तिकडे कंबुज देशातले पाथरवटही शिवाच्याच देवळाचे दगड घडवत होते.

या लेखात काय लिहिले आहे? सरकारी दप्तराची ज्यांना थोडीबहुत ओळख आहे त्यांना तो वाचताना फार परके वाटणार नाही. देवाची स्तुती, राजाची स्तुती झाली की लेख सरळ कामाला लागतो. कोणत्या राजाच्या वेळी कोणत्या घराण्याला कोणती जमीन मिळाली, तिथे कोणते गाव वसवले, कोणते देव स्थापले, ती जमीन पुढे कोणाकडे गेली, मध्ये काय बिघडले आणि कोणी दुरुस्त केले, अशी एकामागून एक नोंद येते. आपल्या भाषेत सांगायचे तर सुमारे अडीचशे वर्षांच्या फेरफारांचा उतारा एका दगडावर काढून ठेवला आहे. तलाठ्याचे दप्तर वाळवी खाते, पावसाने भिजते. हे दप्तर नऊशे वर्षांनंतरही वाचता आले.

ज्या घराण्याची ही हकिगत आहे ते राजपुरोहितांचे घराणे होते. लेख सांगतो की जयवर्मा नावाच्या राजाने, ज्याला इतिहासकार दुसरा जयवर्मा म्हणतात, महेंद्रपर्वतावर एक मोठा विधी करवून घेतला. कंबुजदेश जावाच्या वर्चस्वातून मोकळा व्हावा आणि देशात एकच चक्रवर्ती राजा राहावा, हा त्या विधीचा हेतू. हा काळ इ. स. ८०२ च्या सुमाराचा मानतात. हिरण्यदाम नावाच्या विद्वान ब्राह्मणाने तो विधी सांगितला आणि राजाचा पुरोहित शिवकैवल्य याला चार ग्रंथ शिकवले : वीणाशिख, नयोत्तर, संमोह आणि शिरश्छेद. नवलाची गोष्ट म्हणजे या चारांपैकी वीणाशिख तंत्राची पोथी पुढे नेपाळात सापडली. त्यामुळे लेखात लिहिलेले नाव हवेतले नव्हते याला पुरावा मिळाला. देवराजाची पूजा शिवकैवल्याच्या घराण्यानेच करावी, इतरांनी करू नये, असे त्या वेळी ठरले. हा वारसा बापाकडून मुलाकडे जात नव्हता, तो आईच्या वंशातून चालत होता. मामानंतर भाचा पुरोहित होई.

या घराण्यातला शेवटचा मोठा पुरुष सदाशिव. तोच या देवळाचा आणि लेखाचा कर्ता. पहिल्या सूर्यवर्म्याने त्याला पुरोहितपणाच्या व्रतातून मोकळे करून राणी वीरलक्ष्मीच्या धाकट्या बहिणीशी त्याचे लग्न लावून दिले. त्याला जयेंद्रपंडित ही पदवी मिळाली. पुढे उदयादित्यवर्मा गादीवर आला. तो याच सदाशिवाचा शिष्य. त्याने गुरूला मोठी गुरुदक्षिणा दिली, आणि या देवस्थानाची सोय लावून दिली.

आता जीर्णोद्धाराच्या दृष्टीने लेखातली सर्वांत लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट. सूर्यवर्म्याच्या राज्याच्या आरंभी गादीसाठी मोठी लढाई झाली. त्या धामधुमीत सदाशिवाच्या घराण्याने पूर्वी वसवलेली काही देवस्थाने उद्ध्वस्त झाली, मूर्ती उपटल्या गेल्या. सदाशिवाने ती ठिकाणे पुन्हा उभी केली. देव पुन्हा बसवले, तळी खोदली, गावे वसवली. म्हणजे ज्या माणसाचे नाव आज देऊळ बांधणारा म्हणून घेतले जाते, तो आधी जीर्णोद्धार करणारा होता. आणि त्याने केवळ भिंती उभारून काम संपले असे मानले नाही. तळे म्हणजे पाणी, गाव म्हणजे माणसे. पाणी आणि माणसे नसतील तर देवळात दिवा कोण लावणार, हे त्याला पक्के ठाऊक होते.

या ठिकाणी एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नव्हे. ख्मेर शिलालेखांत देवाला दिलेल्या वस्तूंच्या यादीत जमीन, गुरे, भांडी, भात यांच्या जोडीला माणसेही असतात. देवाच्या सेवेला कायमची बांधलेली ती माणसे होती, बायका होत्या, मुले होती. त्यांच्या कामाच्या पाळ्या लावलेल्या असत, शुक्ल पक्षात एक तुकडी आणि कृष्ण पक्षात दुसरी. आपल्याकडे गुरवांच्या पाळ्या असतात तशाच, पण गुरव आपल्या हक्काने पाळी धरतो आणि ती माणसे दानात आलेली होती. पुष्कळ लेखांत त्यांची नावेही एकेक करून खोदली आहेत. राजाचे नाव श्लोकात येते, त्यांचे यादीत येते. पण भात त्यांनी पिकवले, दगड त्यांनी ओढले, तळ्याची माती त्यांनीच उपसली. कोणत्याही देवळाचा इतिहास सांगताना श्लोकाबरोबर ही यादीही वाचली पाहिजे.

देवळाची रचना साधी पण नेटकी आहे. मध्यभागी वालुकाश्माचे शिखर, त्यात गाभारा. समोर दोन बाजूंना दोन लहान इमारती. अभ्यासक त्यांना ग्रंथालये म्हणतात. सभोवती प्राकार आणि पाण्याचा खंदक. बाहेरची मोठी भिंत आणि पूर्वेचे गोपुर. गोपुरातून निघालेली वाट पूर्वेकडच्या मोठ्या तळ्यापर्यंत जाते. भिंती बहुतांशी जांभ्याच्या आहेत. कोकणातल्या माणसाला जांभा सांगावा लागत नाही. खाणीतून काढताना तो मऊ असतो, वारा लागला की कठीण होतो, आणि चिरा पाडायला सोपा. ख्मेर कारागिरांनी पाया आणि भिंती जांभ्याच्या केल्या, आणि जिथे नक्षी हवी तिथे वालुकाश्म लावला. चुन्याचा दर्जा न भरता दगडावर दगड घासून बसवला. आपल्या हेमाडपंती देवळांत जी कोरडी बांधणी दिसते तिचेच हे दूरचे भावंड म्हणता येईल.

अशा बांधणीला एक शत्रू असतो, तो म्हणजे दुर्लक्ष. पक्ष्याच्या विष्ठेतून बी येते, दोन दगडांच्या फटीत पडते, पावसाळ्यात रुजते. पहिल्या वर्षी ते रोप बोटाने उपटता येते. दहा वर्षांनी त्याला कोयता लागतो. पन्नास वर्षांनी ते मूळ दगड उचलून बाजूला सारते. शंभर वर्षांनी अशी अवस्था येते की झाड तोडले तर भिंत पडते, कारण एव्हाना मुळानेच ती धरून ठेवलेली असते. आणि मूळ कुजले की तिथे पोकळी राहते. कंबुज देशातली शेकडो देवळे याच रीतीने रानाच्या पोटात गेली. तेराव्या-चौदाव्या शतकापासून त्या भागात थेरवाद बौद्ध धर्म पसरला, पंधराव्या शतकात अंकोरचे राज्यही मोडले. शिवाची पूजा थांबली, पुरोहितांचे घराणे कुठे गेले ते कळत नाही. देऊळ कोणी पाडले नाही. रोज सकाळी फटीतले रोप उपटणारे हात तेवढे नाहीसे झाले.

विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेंच विद्वानांनी या लेखाचे वाचन जगापुढे आणले. लुई फिनो यांनी तो १९१५ साली प्रसिद्ध केला, पुढे १९४३ साली सेदेस आणि द्युपों यांनी त्याची सुधारलेली आवृत्ती काढली. आपल्या देशातही कलकत्त्याचे अधीर चक्रवर्ती यांनी या एकाच लेखावर दोन भागांत मोठा अभ्यास छापला, तो १९७८ ते १९८० या काळात. लेखाचा स्तंभ पुढे बँकॉकला हलवला गेला आणि आता तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. देऊळ मात्र रानातच राहिले.

त्यानंतर जे झाले ते फार दुःखाचे आहे. १९७५ ते १९७९ या काळात कंबोडियात ख्मेर रूज राजवटीने लाखो माणसे मारली. १९७८ च्या अखेरीस व्हिएतनामी फौजा आत शिरल्या, तेव्हा जीव वाचवण्यासाठी लोंढेच्या लोंढे थायलंडच्या हद्दीकडे आले. नोंग सामेतच्या आसपास, या पडक्या देवळाच्या परिसरात, निर्वासितांची मोठी छावणी उभी राहिली. ज्यांच्या पूर्वजांनी हे देऊळ बांधले त्यांचेच वंशज बांबू आणि प्लॅस्टिकच्या झोपड्यांत त्याच्या सावलीला आले. छावणीत सशस्त्र टोळ्या होत्या, काळाबाजार होता, उपासमार होती. २५ डिसेंबर १९८४ रोजी व्हिएतनामी फौजेने छावणीवर हल्ला केला, आणि सुमारे साठ हजार माणसांना पुन्हा एकदा चुलीवरचे तसेच टाकून पळावे लागले. माणसे गेली, पण जमिनीत पेरलेले सुरुंग मागे राहिले. आता झाडीला हात लावायचा तरी भीती. अशी वेळ आली की देवळाची दुरुस्ती करण्याआधी देवळाची जमीनच दुरुस्त करावी लागली.

थायलंडच्या ललितकला खात्याने १९९० नंतरच्या दशकात जीर्णोद्धाराचे मोठे काम हाती घेतले. सुरुंग काढण्याचे काम चालू शतकाच्या आरंभी एका थाई संस्थेने जपानी मदतीने केले. वीत-वीत जमीन तपासत माणसे पुढे सरकली. झाडी काढली, खंदकातला गाळ उपसला, पडलेले दगड गोळा केले. त्यानंतर जी रीत वापरली ती गावोगावच्या जीर्णोद्धार समित्यांनी समजून घेण्यासारखी आहे. पडलेला प्रत्येक दगड ओळखायचा, त्याला क्रमांक द्यायचा, त्याचे चित्र व माप घ्यायचे. मोकळ्या जागेवर दगड मांडून कोणता कोणाच्या शेजारी बसत होता ते जुळवायचे. मग जो दगड जिथला तिथेच बसवायचा. जिथे दगड मिळतच नाही, आणि त्याच्यावाचून वरचे ओझे तोलता येत नाही, तिथेच नवा घडवायचा. ही रीत डच लोकांनी जावात वापरली. फ्रेंचांनी १९३१ पासून अंकोरजवळच्या बांतेय स्रेई या शिवमंदिरात वापरली. आणि थायलंडात फिमाय व फनोम रुंग ही देवळे याच रीतीने उभी राहिली. आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्यानेही १९८६ ते १९९३ या काळात अंकोर वाट येथे काम केले, आणि पुढे ता प्रोम या झाडांनी वेढलेल्या देवळाची जबाबदारी घेतली.

दगड जागच्या जागी राहण्याचे महत्त्व आणखी एका गोष्टीवरून कळते. फनोम रुंगच्या दारावरची शेषशायी विष्णूची कोरीव शिळा चोरीला गेली आणि अमेरिकेत शिकागोच्या संग्रहालयात निघाली. थाई लोकांनी चिकाटीने मागणी लावून धरली, तेव्हा १९८८ साली ती परत आली. स्डोक कोक थोमच्याच जिल्ह्यात खाओ लोन नावाचे लहान देऊळ आहे. त्याच्या दारावरची शिळा सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात होती, ती २०२१ साली परत मिळाली. ज्या दगडाला गावकरी पडका धोंडा समजतात, त्याची किंमत चोराला बरोबर कळते. म्हणून जीर्णोद्धारात निघालेला जुना दगड, झिजलेली मूर्ती, अक्षरे असलेली शिळा, वीरगळ, गधेगाळ, यांतले काहीही नाल्यात टाकू नये, पायरीला उलटे लावू नये, त्यावर ऑईलपेंटचा हातही देऊ नये. देवळाच्या आवारात सावलीत, ओळीने, नोंद करून ठेवावे. त्याला फारसा खर्च येत नाही.

सज्जनहो, त्या सीमेवरची शांतता आजही पुरती पक्की नाही. जुलै २०२५ मध्ये थायलंड आणि कंबोडिया यांच्या फौजांत पाच दिवस लढाई झाली. ती ज्या ता मुएन थोम देवळाजवळ सुरू झाली तेही प्राचीन शिवालयच आहे. देऊळ कोणाच्या हद्दीत, यावरून तोफा झडतात. ज्या देवाला कोणी हद्द घातली नाही, त्याच्या दारात माणसे मरतात. आपल्या गावातही देवळाच्या मानावरून, पालखीच्या वाटेवरून, वर्गणीच्या हिशेबावरून तंटे होतात. ते कोर्टापर्यंत जातात, आणि तारखा पडत असताना इकडे शिखराच्या फटीत पिंपळ रुजतो. मोठ्या देशांचे जे मोठ्या प्रमाणावर होते तेच गावाचे लहान प्रमाणावर होते, एवढाच फरक.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाकडे यावे. सदाशिवाने सारे काही केले होते. राजाचा आश्रय होता, जमीन होती, तळे होते, आणि ३४० ओळींचा पक्का कागद, नव्हे पक्का दगड होता. त्याचे नाव टिकले, पण पूजा टिकली नाही. नाव दगडाने टिकवले आणि देऊळ मात्र माणसांवाचून पडले. देणगीदारांनी याचा अर्थ वाईट वाटून घेऊ नये. त्यांची नावे फरशीवर लागावीत, अवश्य लागावीत. पण त्यांच्या देणगीचे खरे रक्षण फरशी करणार नाही. ते करील दर पावसाळ्याआधी शिडी लावून शिखरावर चढणारा पोरगा, पन्हळ साफ करणारा हात, गाभाऱ्याची पाण्याची नाळ तुंबली का ते पाहणारी म्हातारी, आणि वर्षाचा जमाखर्च चावडीवर मोठ्याने वाचून दाखवणारा चिटणीस.

म्हणून जीर्णोद्धार समितीने काम संपले म्हणून विसर्जित होऊ नये. निदान तीन गोष्टी कायमच्या चालू ठेवाव्यात. पहिली, ज्येष्ठ महिन्याच्या आत दरवर्षी देवळाची पाहणी आणि फटींतली रोपे काढणे. दुसरी, एक नोंदवही, जिच्यात जुन्या दगडांची यादी, नव्या कामाची तारीख, कारागिरांची नावे आणि खर्च लिहिलेला असेल. कारागिरांची नावे मुद्दाम म्हटली आहेत; गवंडी, सुतार, पाथरवट आणि पाटी उचलणाऱ्या मजूर बायका यांची नावेही त्या वहीत असावीत. तिसरी, देखभालीसाठी थोडी शिल्लक, जिला उत्सवाच्या खर्चात हात लावायचा नाही.

स्डोक कोक थोमच्या आवारात आता झाडी नाही, खंदकात पाणी आहे, आणि सकाळची उन्हे पूर्वेच्या गोपुरातून आत येतात. त्यासाठी एका देशाचे सरकार, परक्या देशाची मदत आणि कित्येक वर्षांची मेहनत लागली. आपल्या गावच्या देवळाला तशी वेळ येऊ नये. ते सगळे गावाच्याच हातात आहे, आणि एका रोपाला फक्त दोन बोटे पुरतात, मात्र ती वेळेवर लागली पाहिजेत.

देव या गावाला ती बुद्धी देवो, एवढी प्रार्थना करून हे भाषण येथे पुरे होते. जय हिंद, जय महाराष्ट्र.